बाईकचं इंजिन छोट्या गाडीत टाकलंय, आता चावी कशी जोडायची?

इंजिन बसवायला मला तीन रविवार लागले आणि वायरिंगला दोन महिने. वेल्डिंगवाला फाउंडेशन मारून देतो, चेन-स्प्रॉकेटचं लेथवाला बघतो, पण चावी फिरवल्यावर प्लगला करंट का येत नाय हे विचारायला गेलं की बाईकवाला मिस्त्री म्हणतो हे कारचं काम आहे, आणि कारचा इलेक्ट्रिशियन म्हणतो बाईकचं मी बघत नाय. सांगलीत शंभर फुटी रोडला मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आलो, सगळीकडं हेच. शेवटी मल्टीमीटर घेऊन स्वतःच बसलो, एक सीडीआय (प्लगच्या ठिणगीसाठी झटका सोडणारा बाईकचा इलेक्ट्रॉनिक डबा) जाळला, एक क्लच केबल जाळली, मग जमलं. तुमचं तेवढं जळू नये म्हणून लिहितोय.

आधी माझी गाडी काय आहे ते सांगतो म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. पुढचा अर्धा भाग जुन्या मारुती ८०० चा, स्टेअरिंग, डॅशबोर्ड, चावी सगळं तिचंच, आणि मागं पाईपची चासी. तासगावकडच्या आमच्या द्राक्षबागेत क्रेट, औषधाचे कॅन आणि दोन माणसं न्यायला केलेली. मूळचं ७९६ सीसीचं इंजिन कधीच भंगारात गेलं, त्याच्या जागी मागं पल्सर १८० चं इंजिन, २०१० च्या गाडीचं, डबल प्लगवालं. त्याआधी भाच्याने याच चासीवर स्प्लेंडरचं इंजिन लावून बघितलेलं, ते ओझ्याला कमी पडलं पण वायरिंगचे निम्मे धडे त्यानेच दिले. म्हणून दोन्ही प्रकार सांगतो.

आणि हे रस्त्यावर न्यायचं नाय. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत असे बदल करू देत नाय आणि १८२ए खाली एकेका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिने कैद किंवा दोन्ही आहे. आपल्याच जिल्ह्यात देवराष्ट्र्याच्या एका कारागिराने भंगारातून जीप बनवली, किकवर चालू होणारी, डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ टाकला आणि बदल्यात बोलेरो दिली, पण तेव्हाही त्यांनी लिहिलंच होतं की नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अधिकारी ही गाडी थांबवतील. तुम्हाला बोलेरो मिळणार नाय, थेट पावती मिळेल. बागेत, रानात, कॉलेजच्या ट्रॅकवर काय करायचं ते करा.

आता कामाचं. सगळ्यात मोठी गोष्ट जी मला उशिरा कळली ती अशी की बाईकचं इग्निशन आणि कारचं इग्निशन एकमेकांत मिसळायचंच नाय. बाईकच्या इंजिनासोबत तिचा पिकअप (ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर), सीडीआय, एचटी कॉईल (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारी), प्लग असा पूर्ण संसार येतो, तो जसाच्या तसा राहू द्यायचा, त्यातली एक वायर पण लांब-आखूड करायची गरज पडू नये अशा जागी सीडीआय आणि कॉईल इंजिनाजवळच बसवायची. कारच्या वायरिंगशी या संसाराची भेट फक्त चार ठिकाणी होऊ द्यायची: चावीचा करंट, सेल्फ, अर्थ (म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी) आणि चार्जिंग. कारची जुनी कॉईल, डिस्ट्रिब्युटर, बॅलास्ट रेझिस्टर असेल तर तो, हे सगळं काढून टाका, मोह नको. माझे दाजी म्हणाले होते की कारची कॉईल मोठी आहे, स्पार्क मोठा देईल, तीच लाव. नाय देत. कारची जुनी कॉईल १२ व्होल्टवर भरून मग तिचा करंट तोडायचा असतो, तिचा प्रायमरीचा रेझिस्टन्स दीड ते तीन ओहमच्या आसपास असतो. सीडीआयची कॉईल वेगळी, तिच्यात सीडीआय आतल्या कपॅसिटरमधून दोनतीनशे व्होल्टचा एकच झटका सोडतो, प्रायमरी एक ओहमच्या आत. सीडीआयला कारची कॉईल लावली तर स्पार्क मरतुकडा येतो, आणि उलटं म्हणजे बाईकची सीडीआय कॉईल कारच्या पॉइंटवर (डिस्ट्रिब्युटरमधला करंट जोडणारा-तोडणारा स्विच) १२ व्होल्टला लावली तर ती दोन मिनिटांत हाताला चटका देते आणि मग मरते.

त्याच दोनतीनशे व्होल्टमुळं सीडीआय ते कॉईल या वायरला टेस्ट लॅम्प लावायचा नाय, हात लावायचा नाय, आणि कारचा आरपीएम मीटर तर अजिबात जोडायचा नाय. कारचा मीटर कॉईलच्या निगेटिव्हवरून चालतो म्हणून लोकं इथंही कॉईललाच जोडतात आणि मीटर जातो. मी पल्सरचाच मीटर डॅशबोर्डवर बसवला, भोक थोडं वेडंवाकडं झालंय पण चालतं.

इंजिन विकत घेताना नुसतं इंजिन घेऊ नका. पूर्ण लूम (वायरींचा जुडगा), सीडीआय, कॉईल, आरआर युनिट (चार्जिंगचा रेग्युलेटर-रेक्टिफायर), सेल्फचा रिले, सगळे कपलर (वायरींचे प्लास्टिकचे जोड) घट्ट बसलेले असं एकत्र घ्या, शे-पाचशे जास्त गेले तरी. भंगारवाल्याची सवय असते वायरिंग कटरने कापून इंजिन वेगळं करायची, त्याला आधीच सांगून ठेवा की भाऊ कापू नको, कपलर उघड. आणि इंजिन नंबर लिहिलेलं बिल घ्या, चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर इग्निशनची काळजी पोलीस स्टेशनात बसून करावी लागेल. इंजिन त्याच्या मूळ बाईकवर असतानाच चालू करून बघता आलं तर सोन्याहून पिवळं, आणि उतरवण्याआधी मोबाईलवर प्रत्येक कपलरचा फोटो, प्रत्येक वायरला कागदी टेप आणि पेनाने नाव. मी फोटो काढले पण टेप लावली नाय, आणि महिन्याभराने फोटोत सगळ्या वायरी ऑइलने काळ्या दिसत होत्या.

आता तुमचा सीडीआय एसीवाला आहे का डीसीवाला हे शोधायचं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे आणि इथंच जास्त लोकं फसतात.

एसी सीडीआय म्हणजे मॅग्नेटमधल्या (इंजिनासोबत फिरून करंट बनवणारा बाईकचा भाग) एका वेगळ्या कॉईलवर जगणारा. त्याला बॅटरी लागतच नाय. जुन्या स्प्लेंडर, सीडी हंड्रेड या जातीत हा असतो, म्हणूनच त्या गाड्या बॅटरी काढून पण किकवर चालायच्या. यात इंजिन बंद कसं होतं? किलची, म्हणजे इंजिन बंद करायची, वायर अर्थला टेकवली की बंद. म्हणजे चावी बंद केल्यावर आतला स्विच ती वायर अर्थला जोडतो आणि चालू केल्यावर सोडतो. होंडाच्या पद्धतीत बहुतेक करून काळी-लाल ही मॅग्नेटकडून येणारी, निळी-पिवळी पिकअपची, काळी-पिवळी कॉईलला जाणारी, हिरवी अर्थ आणि काळी-पांढरी किलची. रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आधीच्या मालकाच्या मिस्त्रीने काय जोडून ठेवलंय देव जाणे, मीटरने खात्री करा.

डीसी सीडीआय बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालतो. चावी चालू, १२ व्होल्ट आला, चालू. चावी बंद, १२ व्होल्ट गेला, बंद. कारच्या चावीसारखंच.

ओळखायचं असं की इंजिन बाईकवर असतानाच बॅटरी सोडवून, चावी चालू ठेवून किक मारा. प्लगला स्पार्क आला तर एसी, नाय आला तर डीसी किंवा त्याच्यासारखा बॅटरीवर चालणारा टीसीआय (ट्रान्झिस्टरवालं इग्निशन). टीसीआयलाही चावीतून १२ व्होल्टच लागतो पण त्याची कॉईल त्याचीच, सीडीआयची त्याला चालत नाय. इंजेक्शनवाली गाडी, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), फ्युएल पंप, सेन्सर असलेलं प्रकरण असेल तर या लेखाचा उपयोग अर्धाच, ते इंजिन पूर्ण लूमसकट, चावीसकट, जमलं तर टाकीतल्या पंपासकट उचलायचं.

आता माझा सीडीआय कसा जळला. भाच्याने स्प्लेंडरचं इंजिन लावलेलं, मी मारुतीच्या चावीतून इग्निशनची १२ व्होल्टची वायर आणली आणि सीडीआयवर "चावीची वायर" म्हणून काळ्या-पांढऱ्याला दिली जोडून. माझं डोकं कारचं, चावी म्हणजे करंट देणारी. चावी फिरवली, भाच्याने किक मारली, काहीच नाय. परत मारली, नाय. सीडीआयला हात लावला तर कोमट. भाचा म्हणाला, "मामा, ही वायर करंट मागत नाय, ही अर्थ मागती." एवढं बोलून गप्प बसला, शहाणा आहे. नवीन सीडीआय आणावा लागला.

मग कारची चावी आणि एसी सीडीआय यांचं जुळवायचं कसं? चालू असताना चावी १२ व्होल्ट देते आणि सीडीआयला चालू असताना काहीच नको, बंद करताना अर्थ हवा. मधे एक पाच पिनी रिले टाकायचा, हॉर्नला लावतो तसलाच पण पाच पिनी, चार पिनी चालणार नाय. त्याच्यावर आकडे छापलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए. ८६ ला चावीची इग्निशन वायर, ८५ अर्थला, ३० ला सीडीआयची काळी-पांढरी, ८७ए अर्थला, आणि ८७ मोकळा, त्यावर टेप मारा. रिलेला करंट नसताना ३० आणि ८७ए आतून जोडलेले असतात, म्हणजे चावी बंद असली की किल वायर अर्थला, इंजिन बंद. चावी फिरवली की रिले टक करतो, ३० सुटतो, किल वायर मोकळी, इंजिन चालायला तयार. यात एक फायदा असा की रिलेची करंटची वायर कुठं तुटली तर इंजिन बंद पडतं, सुसाट सुटत नाय. तोटा असा की बॅटरी पार मेली तर रिले सुटतो आणि एसी सीडीआयचं बॅटरीवाचून चालायचं वैशिष्ट्य वाया जातं. ते नको असेल तर रिलेऐवजी डॅशबोर्डवर साधा टॉगल स्विच, एक टोक किल वायर, एक टोक अर्थ, बस. पण मग चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं हे घरातल्या पोरांना आधी सांगून ठेवा.

डीसीवाल्याचं सोपं. चावीतून आलेली इग्निशनची वायर, १० अँपियरचा फ्यूज, तिथून किल स्विच, तिथून सीडीआयचा सप्लाय. वायर दीड स्क्वेअर एमएमची घ्या, गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत ती तीन-चार मीटर जाते आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. सेल्फ मारताना बॅटरी आधीच दहाच्या आसपास खाली येते, त्यात वायरीने अजून एक खाल्ला तर काही डीसी सीडीआय तिथंच मान टाकतात, सेल्फ फिरतो पण स्पार्क नाय. मीटर सीडीआयच्या कपलरला लावून सेल्फ मारा, तिथं किती मिळतंय ते बघा, बॅटरीला किती आहे ते बघून उपयोग नाय.

पण त्याआधी कारच्या चावीच्या मागच्या वायरी ओळखायच्या. मुख्य चार असतात. एक कायम करंटवाली, बॅटरीकडून. एक अ‍ॅक्सेसरी, रेडिओची. एक इग्निशन. एक स्टार्टची, जी चावी पूर्ण फिरवून धरली तरच जिवंत होते. टेस्ट लॅम्प घेऊन बसा आणि चावी एकेक टप्पा फिरवा. अ‍ॅक्सेसरी आणि इग्निशन दोन्ही चावी चालूला पेटतात म्हणून सारख्याच वाटतात, फरक फक्त सेल्फ मारताना कळतो: अ‍ॅक्सेसरी त्या वेळी विझते, इग्निशन पेटलेलीच राहते. सीडीआय चुकून अ‍ॅक्सेसरीवर घेतला तर गंमत होते, सेल्फ फिरतोय फिरतोय, काही नाय, आणि वैतागून चावी सोडली की त्याच क्षणी इंजिन एक उचकी देतं. अशी उचकी आली की समजा वायर चुकली.

आता अर्थ. इथं जरा थांबून वाचा, कारण माझ्या मते निम्म्या गाड्या इथंच अडतात आणि लोकं सीडीआय बदलत बसतात.

बाईकचं इंजिन बाईकच्या फ्रेमला लोखंडाला लोखंड लागून बसलेलं असतं. आपण गाडीत टाकताना हादरे नको म्हणून रबरी बुश टाकतो. झालं, इंजिन चासीपासून तुटलं. प्लगचा स्पार्क इंजिनाच्या बॉडीतून परत जातो, सेल्फचा सगळा करंट पण बॉडीतूनच परत जातो, आणि बॉडी तर रबरावर बसलीय. मग तो करंट दुसरी वाट शोधतो. माझ्या गाडीत त्याने क्लचची केबल शोधली. पेडलपासून इंजिनापर्यंत जाणारी ती एकच धातूची वाट होती, अ‍ॅक्सिलेटरची केबल प्लास्टिकच्या टोकाने अडलेली. पहिल्यांदा सेल्फ मारला, सेल्फ नुसता कण्हला, मी अजून दोनदा दाबून धरला आणि दाजी ओरडले, "अहो धूर बघा की!" खाली वाकून बघितलं तर क्लच केबलचं काळं कव्हर मधोमध फुगून वितळलेलं, आतली स्प्रिंग निळी पडलेली, आणि वास असा की दोन दिवस शेडमधून गेला नाय. केबल तर गेलीच, पण नशीब ती पेट्रोलच्या पाईपला टेकलेली नव्हती.

तर इंजिनाच्या क्रँककेसच्या एका चांगल्या बोल्टवरून विणलेली तांब्याची पट्टी चासीला, आणि बॅटरीच्या निगेटिव्हवरून जाड केबल सरळ इंजिनालाच. दोन्ही पाहिजेत. बोल्टखालचा रंग, गंज, ऑइल सगळं घासून चकचकीत धातू दिसला पाहिजे, मग थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), मग बोल्ट, आणि वरून ग्रीस. सीडीआयची अर्थ वायर पण थेट इंजिनाच्या त्याच बोल्टवर आणा, डॅशबोर्डच्या मागच्या कुठल्यातरी स्क्रूवर नको. तपासायचं कसं? मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, एक इंजिनाच्या बॉडीला, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पाव-अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर अर्थ कच्ची आहे. ओहमवर मोजून बघू नका, ओहमवर माझी पण झकास दाखवत होती, क्लच केबलमधून.

सेल्फचं म्हणाल तर बाईकचा स्टार्टर रिलेच वापरा. त्याला दोन जाड खांब आणि दोन बारीक वायरी. जाड खांबाला बॅटरी आणि सेल्फ, बारीक वायरीतल्या एकीला चावीची स्टार्टची वायर, आणि दुसरी न्यूट्रल स्विचमधून अर्थला. हे न्यूट्रलचं टाळू नका. बाईक गिअरमध्ये असताना सेल्फ लागला तर बाईक एक हिसका देते आणि तुम्ही पायावर असता, ही गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ लागला तर समोर उभा असलेला माणूस, द्राक्षाचा मांडव, जे असेल त्यावर जाते. न्यूट्रल स्विच इंजिनातच आहे, गिअर न्यूट्रलला आला की तो वायर अर्थला टेकवतो, फुकटची सोय आहे. न्यूट्रलचा दिवा पण त्याच वायरीवर असेल तर रिलेच्या बाजूला एक डायोड लागतो, बाईकच्या लूममध्ये तो असतो, लूम कापली असेल तर दिवा जोडूच नका, त्या वायरीवर नुसता रिले ठेवा. साईड स्टँडचा स्विच असलेली गाडी असेल तर तो चालताना उघडा असतो का जोडलेला हे मीटरने बघून तसाच कायमचा करून टाका, गाडीला स्टँड कुठला.

बॅटरी माझी पुढं बॉनेटखाली आणि इंजिन मागं, म्हणून बाईकची बारीक केबल चालली नाय, मी २५ स्क्वेअर एमएम टाकली. जिथं पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट, नायतर सहा महिन्यात पत्रा कव्हर कापतो आणि त्या केबलला फ्यूज नसतो.

चार्जिंगबद्दल थोडक्यात. मॅग्नेटची स्टेटर (करंट बनवणाऱ्या कॉईलींचा संच), तिचं आरआर युनिट, सगळं बाईकचंच ठेवा आणि आरआरचा प्लस थेट बॅटरीला न्या, फ्यूजमधून. चावीनंतरच्या वायरीला जोडू नका, त्याचं कारण शेवटी सांगतो. चार-पाच हजार आरपीएमला बॅटरीवर पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट यायला पाहिजे. कारची ३५ एएचची बॅटरी लावली तरी चालते, भरायला वेळ लागतो एवढंच. पण मारुतीचे दोन हॅलोजन हेडलाईट म्हणजे डिपरलाच ११० वॅट, नऊ अँपियर, वर वायपर, ब्लोअर, हॉर्न. बाईकची स्टेटर एका हेडलाईटच्या हिशोबाने बनवलेली, तिला हे झेपत नाय, रात्री औषध मारून परत येताना बॅटरी बसते. मी एलईडी टाकले आणि ब्लोअरची वायरच काढून ठेवली. त्याऐवजी इंजिनावर वारा मारायला एक पंखा लावला, एअरकूल्ड इंजिन आडोशाला बसलं की तापतं, ते वेगळं पुराण आहे. आणि जुन्या स्प्लेंडरसारखीत हेडलाईटची पिवळी वायर एसी असते, ती बॅटरीला दाखवू पण नका.

पिकअपच्या दोन वायरी असतील तर त्या उलट्या झाल्या तर इंजिन चालू व्हायचा प्रयत्न करतं पण सायलेन्सरमधून फटाके, किकला उलटा धक्का, कार्बोरेटरमधून थुंकणं असलं सगळं होतं. सिग्नल उलटा झाला की सीडीआय चुकीच्या वेळी ठिणगी सोडतो. लोकं टायमिंग चेन उघडून बसतात, आधी त्या दोन वायरी बदलून बघा. पिकअपच्या वायरी प्लगच्या वायरीपासून आणि सेल्फच्या केबलपासून लांब न्या, एकमेकींवर पीळ घालून. पल्सरवाल्यांनी अजून दोन गोष्टी बघा. कार्बोरेटरला थ्रॉटलचा एक बारीक सेन्सर आहे, त्याची वायर सीडीआयला जाते, लोकं ती फालतू समजून कापतात आणि मग गाडी ओढत नाय म्हणतात. आणि प्लग दोन, कॉईल दोन. एक कॉईल मेली तरी इंजिन चालतं, नुसतं मरगळलेलं, म्हणून एकेक प्लगची टोपी वेगवेगळी तपासा.

स्पार्क बघताना प्लग काढून टोपीत घालून हेडला नीट टेकवून धरा, पेट्रोलचा नळ बंद, प्लगच्या भोकावर चिंधी, त्यातून उडणारं पेट्रोल ठिणगीवर आलं तर भुवया जातात. टोपी हवेत मोकळी सोडून सेल्फ मारायचा नाय, करंटला वाट मिळाली नाय की तो कॉईलचं किंवा सीडीआयचं इन्शुलेशन फोडतो. आणि सगळं जोडून झाल्यावर "एवढा एक ब्रॅकेट राहिलाच" म्हणून वेल्डिंग मारायला घ्याल, तेव्हा आधी बॅटरीचे दोन्ही टोक सोडा आणि सीडीआयचा कपलर काढा. हमखास राहतंच हे.

किल स्विच मी दोन लावलेत, एक स्टेअरिंगजवळ आणि एक बाहेर मागच्या बाजूला, लाल मोठ्या बटणाचा. भाच्याच्या कॉलेजची पोरं बाजा एसएई या कॉलेजांच्या स्पर्धेची गाडी करतात, त्यांना नियमानेच दोन लागतात, एक ड्रायव्हरच्या हाताशी आणि एक बाहेरून कुणालाही दाबता येईल असा. कल्पना चांगली वाटली, उचलली. मारुतीच्या चावीला स्टेअरिंग लॉक आहे, घाबरून चालत्या गाडीत चावी ओढून काढली तर स्टेअरिंगच लॉक होतं, म्हणून बंद करायचं तर बटणाने, चावीने नंतर. सीडीआय सीटखाली रबरावर बसवलाय, पावसाचं आणि फवारणीचं पाणी लागणार नाय असा, तोंड खाली करून. शेडात उंदीर आहेत, त्यांना वायरीचं कव्हर शेंगदाण्यासारखं आवडतं, म्हणून सगळी लूम जाड स्लीव्हमधून नेलीय.

आता ते आरआरचं राहिलं. सगळं झालं, इंजिन पहिल्याच फटक्यात पेटलं, दाजींनी नारळ फोडला, बागेत एक चक्कर मारून आलो आणि चावी बंद केली. इंजिन चालूच. चावी काढून हातात घेतली, तरी चालू. घरची सगळी माणसं बघतायत आणि मी चावी हातात घेऊन उभा. झालं होतं असं की आरआरचा प्लस मी सोयीसाठी जवळच्या वायरीला जोडलेला आणि ती वायर नेमकी चावीनंतरची, सीडीआयला जाणारी निघाली. चावीने बॅटरी तोडली, पण इंजिन फिरतंय म्हणून स्टेटर करंट बनवतेय, तो आरआरमधून सरळ सीडीआयला, सीडीआय स्पार्क देतोय, म्हणून इंजिन फिरतंय. आपलंच आपण खाऊन जगतंय. किल स्विच तेव्हा लावलेला नव्हता. चौथा गिअर टाकून ब्रेक दाबून क्लच सोडला तेव्हा कुठं मेलं. दुसऱ्या दिवशी आरआरची वायर बॅटरीला नेली आणि लाल बटण आणायला मिरजेला गेलो.